मागे घेतलेला बोल

९ जून

भुंग्या,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, ते काही संपत नाहीत, तेव्हा त्यात शाई घालवत नाही. अक्षर ओळखलं असशील. तुझ्याच बायकोचं आहे. दुसरं कोण लिहून देणार मला? मला अक्षरं येत नाहीत ही काही आजची बातमी नाही, आणि ज्यांना येतात ते एकमेकांना लिहीत नाहीत, त्यापेक्षा माझं बरं आहे.

फोन केला तर तू "नंतर करतो" म्हणतोस. पत्राला तसं म्हणता येत नाही. फार तर न फोडता उशीखाली ठेवता येईल, पण तू लहानपणापासून पाकीट दिसलं की फोडणारा.

आमची लिहायची रीत आधी सांगते, म्हणजे तिच्यावर उगाच आळ घेणार नाहीस. मी सांगते, नातसून लिहिते. मग शेजारची शिंपीण येते आणि उतरलेलं सगळं मला मोठ्याने वाचून दाखवते. मी बोलले तेच लिहिलंय ना, हे बघायला. रीत तुमचीच. फोनवरच्या तुमच्या त्या कुजबूज प्रोग्रामचं काम करताना एकाने लिहिलेलं दुसऱ्याने तपासल्याशिवाय आत जायचं नाही, असा तुमचा नियम. तेव्हा मी म्हणायची, ही नवराबायको आहेत की तिकीट तपासनीस? आता पटलं. पहिल्याच पानावर शिंपिणीने चोरी पकडली. "तुझी बायको वाळली आहे" असं मी सांगितलं होतं, कागदावर नव्हतं. आता आहे.

मुद्द्याचं सांगते. काल बोटीवरचा इंजिनवाला किनाऱ्याला लागला.

तो बोटीवर गेला की त्याच्या फोनला कोणी भेटत नाही. तुमची कुजबूज म्हणजे मधे कंपनी नाही, कचेरी नाही, मालक नाही. एकाचा फोन दुसऱ्याच्या फोनला भेटला की तुझ्याकडे काय नाही ते घे, माझ्याकडे काय नाही ते दे. नळावर बायका करतात तेच, त्याला तुम्ही दोघांनी शिकून कॉम्प्युटर लावला. मला एवढंच कळलंय. चुकलं असेल तर सांग, तेवढं तरी बोलशील. तर गावाहून परतलेल्या बाईला नळावर सगळ्या जणी सगळं एकदम सांगतात आणि ती जे पहिलं ऐकते त्यावरच बोलत सुटते, तसं त्याचं झालं. त्याने पहिला ऐकला तो माझा बोल, फोनात बोलून सोडलेल्याला तुम्ही बोल म्हणता तो. पोरगी झाली तेव्हाचा.

मी शिंपिणीकडे बटणं निवडत बसले होते. तिच्या फोनमधून त्याचा आवाज आला. आजी, अभिनंदन, पणजी झालात, पोरीचा माझ्यातर्फे एक मुका घ्या. मग माझ्या फोनमधून तेच. मग भिंतीपलीकडून, आपल्या स्वयंपाकघरातून तेच. शिंपिणीने मशीन थांबवलं. मी घरात आले तर नळ चालू होता. तुझी बायको पातेलं घासत होती. घासलेलंच घासत होती. मला म्हणाली, आजी, दुपारी पाणी जाणार आहे, बादल्या भरून ठेवू का? मी म्हटलं, ठेव. मग आम्ही बादल्या भरल्या. रिकामं असं घरात काही उरलं नाही, तेव्हा थांबलो.

त्याचा काय दोष? शेजारपाजारच्यांना दिसलं, त्यांना सांगावं लागलं नाही. लांबच्यांना आपण कोणीच सांगितलं नाही. तू नाही, ही नाही, मी नाही. त्यांच्या लेखी ती अजून आहे. आतापर्यंत रांगायला लागली असेल.

हे होणार असं तू म्हणाला होतास. खूश हो, तुझं खरं झालं. बोललेलं मागे घेता यावं असा नियम प्रोग्राममध्ये घालू या, म्हणजे आजीचा तो बोल काढता येईल, म्हणून तू हटून बसला होतास. आणि ही म्हणत होती, नाही. आज आपण आपलं मागे घेऊ, उद्या लिफ्टवाला म्हणेल, लिफ्ट तपासली असं मी बोललोच नव्हतो. कुजबूज लोक वापरतात ती एवढ्याचसाठी, की बोललेलं राहतं. बरोबर दोघांचंही होतं. मी मधे बसून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते. भांडण प्रोग्रामचं होतं, आणि पाळण्याकडे दोघांचीही पाठ होती. मग तुला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. लागली म्हणजे तू लावून घेतलीस.

ही म्हणते, हे लिहिणार नाही. लिहिलं.

पाळणा अजून तिथेच आहे. त्यात धुतलेले कपडे ठेवतो. इस्त्री व्हायची असते ते.

आजी

२६ जून

भुंग्या,

तुझं उत्तर आलं म्हणे. पाकीट नाही, कागद नाही. नातसुनेच्या कॉम्प्युटरवर आलं. प्रोग्रामच्या ओळी. पत्राचं उत्तर म्हणून ओळी पाठवणारा तूच. मी विचारलं, काय लिहिलंय, तर म्हणाली, तोच जुना नियम, नव्याने लिहून पाठवलाय, तपासून आत घ्या म्हणतोय. आणि खाली एकच वाक्य माणसांच्या भाषेत: आजीचा तो बोल आधी काढा.

उंटावरून शेळ्या हाकायची हौस तुझी जुनीच. माझे गुडघे वाईट आहेत, विचारलंस म्हणून सांगते.

तुझ्या नियमात काय आहे ते मी तिच्याकडून समजून घेतलं. ज्याचा बोल त्यानेच मागे घ्यायचा. दुसऱ्या कोणाला, अगदी तुम्हा बांधणाऱ्यांनासुद्धा तो काढता येणार नाही. मागे घेतला की ती खबर फोनाफोनांतून फिरणार आणि ज्याला मिळेल त्याचा फोन तो बोल टाकून देणार. म्हणजे पोरीचं काढायचं तर मीच काढायचं. बोलले मी. त्या दिवशी तुम्ही दोघं दमला होतात आणि मला बोलायची हौस, एका दमात बसेल तेवढं बोलले. ते तुमच्या कोणाच्या हातचं नाही.

मला वाटलं, ही उघडणारच नाही. नवरा-बायकोच्या भांडणात एवढं सोपं हत्यार कोण सोडतं? न तपासता ठेवून द्यायचं. तिला कोण विचारणार होतं? पण तिने उघडलं. तुझं सामान तपासायला बसली तशी मीही तिच्याच खोलीत शिंपिणीची बटणं घेऊन बसले. चार भोकांची एकीकडे, दोन भोकांची एकीकडे. ती सकाळी बसायची ती जेवायला हाक मारेपर्यंत. कॉम्प्युटरच्या पोटात तिने खोटे फोन केले होते. एक बंद पडलेला, एक चालू, एक मुद्दाम खोटं बोलणारा. ते एकमेकांना काहीबाही सांगत आणि मागे घेत. एक खोटी आजीही केली होती. मी विचारलं, ती काय बोलते? म्हणाली, नुसतं क, ख, ग. म्हटलं, म्हणजे माझ्यापेक्षा शिकलेली आहे.

ती हसली असं मी सांगणार होते, पण शिंपीण तपासणार आहे. नाही हसली.

मी तिच्याकडे बघत होते. चूक शोधत होती. मला ओळी कळत नाहीत, पण हरवलेली सुई शोधणारं माणूस कळतं. एखादी चूक सापडली असती तर तिला नाही म्हणता आलं असतं, आणि त्यात तुझा मानही राहिला असता, तिचाही. तिने परत पहिल्यापासून सुरू केलं. शेवटी खुर्ची मागे सारली आणि मला म्हणाली, "आजी, काम नीट केलंय. नीट केलेल्याला नाही कसं म्हणू?"

म्हटलं, तोंड आहे ना, त्याने.

तर म्हणाली, "मग उद्या इतरांचं का तपासायचं?"

मी परत बटणांकडे वळले. दोन भोकांची चार भोकांत गेली होती, ती वेगळी केली.

एकच हरकत तिने घेतली. मागे घेतलेला बोल जाऊ दे, पण इथे काहीतरी होतं, एवढी जागा दिसली पाहिजे, नाहीतर लिफ्टवाला उद्या साफ निसटेल. तू संध्याकाळच्या आत ते करून पाठवलंस. "हो" नाही, "नाही" नाही, नुसतं करून पाठवलंस. तिने बघितलं आणि आत घेतलं. एवढ्या महिन्यांत तुम्हा दोघांत झालेलं बोलणं ते एवढंच. मी ते बोलण्यात धरते. शिंपीण धरत नाही. ती म्हणते, आजी, याला बोलणं म्हणायचं तर माझं मशीन दिवसभर माझ्याशी गप्पा मारतं.

आजी

३ जुलै

भुंग्या,

नियम लागू झाला. माझ्या फोनवर माझ्या प्रत्येक बोलाखाली एक खूण आली आहे. अंगठा ठेवला की मागे. नातसुनेने माझ्या हातात फोन दिला, कुठे ठेवायचा ते दाखवलं आणि म्हणाली, बोल तुमचा आहे, तुम्ही ठरवा. आणि जाऊन कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

मी जन्मभर अंगठाच उठवत आले. दवाखान्यात, दुकानात, लग्नाच्या नोंदीला, जिथे सांगतील तिथे. हा उठत नाही.

आधी म्हटलं, हात ओला आहे. मग म्हटलं, चष्मा नाही. शिंपीण म्हणाली, आजी, तुम्ही चष्मा लावतच नाही.

तर आता खरं सांगते, आणि हे सांगताना तुझ्या बायकोचा हात थांबणार आहे, तरी तिने लिहावं. ती रोज दुपारी मागच्या खोलीत जाते आणि कानात घालून माझा तो बोल ऐकते. तिला वाटतं मी झोपलेली असते. मी भिंतीकडे तोंड करून झोपते, ते काय झोपायला? ऐकते, परत ऐकते, आणि मग बाहेर येऊन चहा ठेवते.

थांबला हात. लिही म्हटलं. लिहिलं.

मी स्वतः तो बोल तेव्हापासून एकदाही ऐकलेला नाही. पण मला माहीत आहे, त्यात पोरगी रडली आहे. तिला तेव्हा नाव ठेवायचं होतं, ते राहिलं. फोटो तू पुसलेस. दवाखान्यातलं सगळं दवाखान्यात राहिलं. तिचं म्हणून जगात उरलंय ते तेवढं रडणं, तेही माझ्या बडबडीच्या मागे. ते मी माझ्या अंगठ्याने पुसू? तू म्हणतोस पूस, कारण कोणी परक्या माणसाने येऊन अभिनंदन म्हटलं की तुला सोसत नाही. मला कळतं. पण तुझं ऐकलं तर हिची दुपार जाते, आणि हिचं ऐकलं तर तू जातोस. गेलाच आहेस, तसा.

मी काढणार नाही. रागाव. तुझा राग लांबून येतो, पोचेपर्यंत गार होतो.

आजी

१९ जुलै

भुंग्या,

काढला.

सरळ सांगते, कारण तू मधला मजकूर वगळून शेवट शोधशील.

शिंपिणीमुळे झालं. मागचं पत्र वाचून दाखवताना तिथे आली, पोरगी रडली आहे या ठिकाणी, आणि थांबली. पत्र पेटीत पडल्यावर म्हणाली, "आजी, एकदा ऐका तरी. न ऐकताच काय राखून बसलाय?" शिंपिणीला सगळ्या गोष्टी मापून घ्यायची सवय. मी म्हटलं, नको. ती म्हणाली, कापड न बघता कोणी जपून ठेवतं का? मग नातसूनच उठली, माझा फोन घेतला आणि लावला. कानात नाही, मोठ्याने.

तो आता कुठेच नाही, म्हणून त्यात काय होतं ते तुला सांगून ठेवते. तू तो पुरता ऐकलेला नाहीस हे मला माहीत आहे. मीही ऐकलेला नव्हता.

आधी मी. ऐका हो सगळे, आमच्याकडे मुलगी झाली. नाक माझ्यावर गेलंय, बाकीचं हळूहळू सुधारेल. माझा आवाज मला ओळखू आला नाही. कोणीतरी खुशीतली म्हातारी होती. मग मी तिला म्हणते, रड गं, सगळ्यांना ऐकू दे. मग काही नाही. पंखा फिरतोय. ती झोपलेली आहे. मी परत म्हणते, रड की. परत पंखा. आणि मग तू. "आजी, तिला रडायला काय सांगतेस?" असं म्हणतोस आणि हसायला लागतोस. हसतोस ते थांबतच नाहीस. हसताहसताच दम संपतो आणि बोल तुटतो.

एवढंच. त्यात ती नाहीच.

मी नातसुनेकडे बघितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं." शिंपीण उठून आपल्या मशीनकडे गेली आणि तिने नुसतंच, कापडाशिवाय, मशीन चालवलं थोडा वेळ.

मी बसून राहिले. वाईट वाटायला हवं होतं, तसं काही झालं नाही. पाय दुमडून बसल्यावर बधिर होतो तसं सगळं अंगच होतं, कुठे टोचलं तर कळलं नसतं. पण डोकं चालत होतं. इतके दिवस मी म्हणत होते, तुम्हा दोघांच्या भांडणात पोरीचा आवाज आहे. आवाज तुझा होता. तुला सोसवत नाही ते परक्याचं अभिनंदन नव्हे, ते हसणारं माणूस. आणि ही दुपारी पोरीला नाही ऐकत, तुला ऐकते.

नियम तूच लिहिलास, ज्याचं त्याने मागे घ्यावं. कॉम्प्युटरला वाटतं बोल माझा आहे, कारण फोन माझा. पण माझं त्यात काही राखण्यासारखं नव्हतं. हसणं तुझं होतं आणि तू ते परत मागितलंस. दुसऱ्याची मागितलेली वस्तू ठेवून घ्यायची सवय मला नाही. मी नातसुनेला विचारलं, काढू? ती म्हणाली, त्याचंच आहे, काढा. मी अंगठा ठेवला. काही आवाज झाला नाही. काहीतरी होईल असं मला वाटलं होतं.

तिने आधी स्वतःपुरता एखादा तुकडा बाजूला काढून ठेवला की नाही, हे मी विचारलं नाही. तिला ते येतं, तेवढं मला कळतं. आता हे लिहिताना तिचा हात थांबला नाही. म्हणजे ठेवला नसेल. किंवा ठेवला असेल आणि हात थांबू नये याची तयारी केली असेल. शिंपिणीला हे तपासता येणार नाही.

आता पुढचं.

तो बोल होता तिथे आता एक ओळ आहे: इथे आजींचा एक बोल होता, तो त्यांनी मागे घेतला. आणि त्याच्या खाली, ओळीने, अभिनंदन. शिंपिणीचं, इंजिनवाल्याचं, कोणाकोणाचं. ते ज्याचं त्याचं. ते माझ्या अंगठ्याने जाणारं नाही. तू हे धरलं नव्हतंस. हिनेही नाही. तुमच्या खोट्या फोनांना कोणी अभिनंदन केलेलं नव्हतं. वर मोकळी जागा आणि खाली माणसं हात जोडून उभी, असं ते दिसतं म्हणे. शिंपिणीने विचारलं, माझं काढू का? नातसून म्हणाली, राहू दे.

मग कुजबुजीवर नवीनच आलेल्या एका मास्तरणीने विचारलं, अभिनंदन कशाचं? सरळ विचारलं, मुलं विचारतात तसं. ज्यांना माहीत होतं ते गप्प. ज्यांना माहीत नव्हतं तेही गप्प, कारण मागे घेतलेलं दिसत होतं. एवढी बडबड करणारी मी, मीही गप्प. दुपारी हे झालं. नातसून तिच्या दुपारच्या वेळेला मागच्या खोलीत गेली नाही. माझ्याजवळ येऊन बसली आणि विचारलं, आजी, मी सांगू का? म्हटलं, सगळी कुजबूज बांधलीस तू आणि परवानगी मला मागतेस. तिने फोनवर लिहिलं. बराच वेळ लिहीत होती, एवढ्याशा मजकुराला. कोणाला तपासायला दिलं नाही.

मला शिंपिणीने वाचून दाखवलं. असं लिहिलं आहे: आम्हाला मुलगी झाली होती. ती गेली. तिचा बाबा मोठ्याने हसला की ती झोपेत दचकायची, आणि डोळे न उघडता परत झोपायची.

हा बोल तिचा आहे, भुंग्या. तो मला मागे घेता येत नाही, आणि तुलाही नाही.

आजी